पोलिसांकडचा अर्ज कोणत्या साहेबांच्या नावाने लिहायचा?

मुख्यमंत्री, गृहमंत्री, पोलीस महासंचालक अशी माळ अर्जाच्या डोक्यावर लावली की काम लवकर होतं, असा लोकांचा समज आहे. माझ्या नोकरीची शेवटची वर्षं पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या अर्ज शाखेत गेली, म्हणून सांगतो. तो कागद कुलाब्याच्या मुख्यालयात जातो, त्यावर आवक क्रमांक पडतो आणि ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा घेऊन एकेक पायरी उतरत, तुम्ही जिथून वैतागून निघालात त्याच ठाण्यात येतो. चौकशीला बहुतेक वेळा तेच साहेब.

तेव्हा आधी आपली हद्द कोणाची ते बघा. पुणेकरांचा गोंधळ इथेच होतो. हडपसर पुणे पोलीस आयुक्तांकडे, हिंजवडी 2018 पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तांकडे आणि लोणावळा पुणे ग्रामीणच्या अधीक्षकांकडे. लोणी काळभोर 2021 पर्यंत ग्रामीणमध्ये होतं, आता शहरात आहे. पत्त्यात ‘पुणे’ आहे म्हणून आयुक्तांना लिहू नका.

जिल्ह्यात उतरंड सरळ असते. कराडचं बघा: ठाण्याचे पोलीस निरीक्षक, त्यांच्यावर कराडचे उपविभागीय पोलीस अधिकारी म्हणजे डीवायएसपी, मग साताऱ्याचे अधीक्षक, कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक आणि शेवटी महासंचालक. शहरात डीवायएसपींच्या जागी सहायक आयुक्त, अधीक्षकांच्या जागी परिमंडळाचे उपायुक्त. (विदर्भात निरीक्षकाला ठाणेदार म्हणतात, तिकडच्यांनी तसं वाचावं.)

समोर कोण बसलंय ते खांद्यावरून ओळखा. दोन तारे आणि लाल-निळी फीत म्हणजे उपनिरीक्षक. निरीक्षकाला तीन तारे आणि फीत. डीवायएसपींनाही तारे तीनच, पण फीत नाही. लोक फसतात ते इथे. अशोकस्तंभाखाली एक तारा दिसला की ते अधीक्षक.

आता कामाचं. पहिली पायरी ठाणे अंमलदार, म्हणजे ठाण्यात तक्रार नोंदवून घेणारे. तक्रार लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर चालत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची) खबर कोणत्याही ठाण्याने घ्यायची आहे, आणि एफआयआरची प्रत तुम्हाला फुकट मिळते. ‘आधी चौकशी करू’ म्हणाले तर नम्रपणे विचारा, ‘डीवायएसपी साहेबांची परवानगी झाली का?’ कारण तीन वर्षं किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यातच अशी प्राथमिक चौकशी करता येते. तीही परवानगीनेच, आणि 14 दिवसांत उरकायची असते. या एका प्रश्नाने पुष्कळदा सूर बदलतो.

तरीही नोंद झाली नाही, तर अधीक्षकांना लिहा आणि अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. ही मेहेरबानी नव्हे, कलम 173(4) मध्येच ही पायरी आहे: गुन्हा दखलपात्र दिसला तर अधीक्षकांनी स्वतः तपास करायचा किंवा हाताखालच्या अधिकाऱ्याला लावायचा. तपास स्थानिक गुन्हे शाखेकडे, म्हणजे एलसीबीकडे हवा असेल तर तेही इथेच मागा. ते निरीक्षकांच्या हातात नसतं. अर्ज एक पानी ठेवा. घटना कुठे, कधी घडली, ठाण्यात किती वाजता गेलात, छातीवरच्या पाटीवर नाव काय होतं, उत्तर काय मिळालं, बस्स. आजोबांच्या वाटणीपासून सुरुवात केलेले अर्ज मी ढिगाने वाचलेत. साहेब दुसऱ्या परिच्छेदाच्या पुढे जात नाहीत. नुसता बांधाचा वाद असेल तर तो तहसील किंवा दिवाणी कोर्टाचा विषय, पोलीस त्यात समजपत्र, म्हणजे लेखी समज, देण्यापलीकडे फारसं काही करत नाहीत.

अधीक्षक कार्यालयातूनही हालचाल नसेल तर परिक्षेत्राकडे जरूर लिहा. पण माझं मत विचाराल तर त्या उत्तराची वाट बघत बसू नका. त्याच वेळी वकिलामार्फत याच संहितेच्या कलम 175(3) खाली तपासाचा आदेश मागायला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. तिथे प्रतिज्ञापत्र लागतं, आणि अधीक्षकांना आधी अर्ज केला होता हेही दाखवावं लागतं. पोस्टाची पावती आणि पोच घेतलेली प्रत त्यासाठीच जपून ठेवायची. पावतीची शाई उडते, तेव्हा झेरॉक्स त्याच दिवशी काढा.