तत्तनइचा पाठ मुलांना कसा घ्यावा

नाशिकच्या मुलांना ‘नदीपलीकडचा प्रांत’ म्हटलं की पंचवटीच आठवते. म्हणून आधी भिंतीवर नकाशा लावा. ही नदी फरात, म्हणजे युफ्रेटिस. तिच्या पश्चिमेचा सीरिया-पॅलेस्टाईनचा मुलूख म्हणजे पर्शियन साम्राज्याचा अधिपती तत्तनइ याचा प्रांत, यरुशलेम त्यातच.

वाचन बायबलातल्या एज्राच्या पुस्तकाचे अध्याय ५ आणि ६ एवढंच ठेवा. चौथ्या अध्यायापासून सुरुवात केली की घोटाळा होतो: तिथलं अर्तहशश्त राजाला लिहिलेलं तक्रारपत्र पुढच्या काळातलं आहे, पण आधी छापलेलं असल्याने मुलं ते तत्तनइच्या माथी मारतात. तत्तनइने यरुशलेमच्या मंदिराच्या पुनर्बांधणीचं काम थांबवलं नाही. परवानगी कोणाची, नावं काय, एवढं विचारून पर्शियन राजा दारयावेशाला पत्र पाठवलं. जिल्हाधिकाऱ्याने मंत्रालयाकडे खुलासा मागावा तसं. त्याला खलनायक करू नका.

दोन मुलांकडून ते पत्र (५:७–१७) मोठ्याने वाचून घ्या. मग आधीचा राजा कोरेश याने मंदिर बांधायची दिलेल्या आज्ञेची गुंडाळी शोधायला लावा. मुलं बाबेलात शोधतील, ती सापडते मेदिया प्रांतातल्या अखमथा शहराच्या राजवाड्यात. आज्ञेतलं मंदिराचं माप उंची ६० हात, रुंदी ६० हात. हात साधारण ४५ सेंटिमीटरचा, म्हणजे २७ मीटर. मैदानात सुतळीने मोजूनच दाखवा, तोंडी सांगून अंदाज येत नाही.

खर्च कुठून? तत्तनइच्याच प्रांताच्या महसुलातून. मोठ्या मुलांना इथे थांबवून विचार करू द्या. मंदिर इ.स.पू. ५१५ मध्ये पुरं झालं. बायबलबाहेरचा पुरावा विचारलाच, तर इ.स.पू. ५०२ च्या बाबेली मातीच्या पाटीवर ‘नदीपलीकडचा अधिपती’ म्हणून त्याचं नाव आहे.