‘आय हॅव अ ड्रीम’ शिकवताय? आधी चेक वटवा, मग स्वप्न

इंग्रजीचं व्याकरण बरं आहे, मुलाखती इंग्रजीत देतात, पण बोलणं सपाट, अशा बॅचला मी मार्टिन ल्यूथर किंग यांचं २८ ऑगस्ट १९६३ चं भाषण देतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी ते चुकीचं शिकवलं. त्यामुळे पुढच्या बहुतेक चुका माझ्याच आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे थेट स्वप्नाला हात घालणं. ते वाक्य सगळ्यांनी पोस्टरवर वाचलेलं असतं. वर्ग माना डोलावतो, टाळ्याही पडतात, आणि इंग्रजी मात्र कुणाच्याच पदरात पडत नाही. साधारण १७ मिनिटांच्या या भाषणात स्वप्न येतं ते अकरा-बारा मिनिटं उलटून गेल्यावर. त्याआधी आहे हिशेब. वॉशिंग्टनच्या ज्या मोर्चात हे भाषण झालं, त्याचं पूर्ण नावच ‘जॉब्ज अँड फ्रीडम’साठी असं होतं, आणि मागण्यांमध्ये तासाला दोन डॉलर किमान वेतन होतं. लिंकन स्मारकापुढे जमलेले सुमारे अडीच लाख लोक नुसतं स्वप्न ऐकायला आले नव्हते.

म्हणून सुरुवात चेकपासून करा. राज्यघटना आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा ही ‘प्रॉमिसरी नोट’, म्हणजे पैसे देण्याचं लेखी वचन होतं, असं किंग म्हणतात. इथे शब्दकोश उघडू नका, खिशातली शंभरची नोट काढायला सांगा. ‘आय प्रॉमिस टू पे द बेअरर’ हे तिच्यावर छापलेलंच आहे. कायद्याने ती वेगळी गोष्ट असली, तरी वचनाची भाषा तीच. पुढे साखळी सुरू होते: देशाने नोटेचे पैसे चुकते केले नाहीत, काळ्या नागरिकांच्या हाती ‘बॅड चेक’ ठेवला, तो ‘इनसफिशिअंट फंड्स’ असा शेरा मारून परत आला. पण न्यायाची बँक बुडाली आहे हे आम्ही मानत नाही, चेक वटवायलाच आलो आहोत.

एका बॅचमध्ये बँकेत काउंटर सांभाळणाऱ्या ताई होत्या. एरवी गप्प असायच्या. हा परिच्छेद आला तशा म्हणाल्या, “सर, हा तर रिटर्न मेमो, चेक परत करताना आम्ही जोडतो ती चिठ्ठी! आणि ‘अपॉन डिमांड’ म्हणजे आपल्या डीडीतला डिमांड.” त्या दिवशी वर्ग त्यांनीच घेतला. एक रूपक धरलं की ते मध्येच न सोडता परिच्छेदभर कसं ताणायचं, हे मला तोवर इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं.

दुसरी चूक अवघड शब्दांची यादी. चाळीस शब्द, पुढे अर्थ, आणि भाषण तिथेच आटोपतं. त्याऐवजी सुरुवातीलाच येणाऱ्या तीन शब्दांवर थांबा, ‘फाइव्ह स्कोअर इयर्स’. स्कोअर म्हणजे वीस. आजी बाजारात ‘पाच विसा’ मोजायची, तेच हे. पण शंभर न म्हणता असं का म्हटलं? कारण मागे लिंकनचा पुतळा आहे, लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण ‘फोर स्कोअर अँड सेव्हन’ने सुरू होतं, आणि गुलामी संपवण्याचा लिंकनचा आदेश १ जानेवारी १८६३ चा आहे. हे कळलं की बाकीचे शब्द मुलं स्वतः शोधतात.

वर्ग ऑडिओ ऐकून नुसता बसून राहत असेल, तर तुम्ही सतरा मिनिटं सलग लावलंय. एक मिनिट लावा, हातात विरामचिन्हं काढून टाकलेला मजकूर द्या, श्वास जिथे तुटतो तिथे तिरपी रेघ मारायला सांगा. ‘नाऊ इज द टाइम’मध्ये वजन कुठे पडतं हे रेघांवरून दिसतं. आवाजाची नक्कल मात्र करायला लावू नका, ऐकवत नाही.

‘नीग्रो’ शब्द गाळून पुढे जाऊ नका. १९६३ मध्ये तो रूढ होता, किंग स्वतः वापरतात. मी न बोलता पुढे गेलो होतो, तर एका मुलाने तो निबंधात आजच्या लोकांसाठी बिनदिक्कत वापरला. भाषण वाचताना तसाच वाचायचा, स्वतःच्या वाक्यात ‘ब्लॅक’ किंवा ‘आफ्रिकन अमेरिकन’ लिहायचं, एवढं सांगायला एक मिनिट पुरतं.

क्लासच्या विकायच्या नोट्समध्ये पूर्ण भाषण छापत असाल, तर थांबा. अमेरिकेत त्याचा कॉपीराइट किंग यांच्या वारसांकडे आहे.

आपल्याकडचा धागा जोडायचा मोह होतो, आणि खरा धागा आहेही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पण ते शेवटच्या तासाला सांगा. आधी सांगितलं की चर्चा मराठीत सुरू होते आणि भाषण फळ्यावर तसंच राहतं.

आणि गृहपाठाला ‘माय ड्रीम’ देऊ नका. सगळे पुण्यात फ्लॅट घेतात नाहीतर कलेक्टर होतात. मी आता सांगतो, तुम्हाला दिलेलं एखादं वचन घ्या आणि त्याचा चेक करा, सहा वाक्यं, रूपक सोडायचं नाही. मागच्या बॅचमध्ये एकाने सोसायटीच्या पाण्यावर लिहिलं. बिल्डरच्या ब्रोशरपासून टँकरच्या बिलापर्यंत सहाही वाक्यांत चेकच होता. फक्त ‘बाउन्स’चं स्पेलिंग चुकलं होतं.