जुन्या मराठी फाइली युनिकोडमध्ये कशा आणाव्यात

संस्थेचा अहवाल, स्मरणिका, ग्रंथालयाची सूची किंवा वडिलांनी टंकलिखित करवून घेतलेले लेख अशा जुन्या मराठी फाइली आज उघडल्या की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि विचित्र चिन्हांचा गोंधळ दिसतो. अनेक जण अशी फाइल खराब झाली असे समजून टाकून देतात. बहुतेक वेळा ती शाबूत असते. फक्त ती ज्या काळात तयार झाली त्या काळातील अक्षरे साठवण्याची पद्धत आजच्या संगणकाला माहीत नसते. म्हणून ती युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणणारे साधन शोधण्यापूर्वी फाइल कोणत्या काळातील आहे हे ओळखावे. माझ्या अनुभवाने निम्मे काम तेथेच होते.

प्रथम मूळ प्रत सुरक्षित करावी. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातील लहान खिटी सरकवून छिद्र उघडे केले की तिच्यावर काहीही लिहिले जात नाही. यूएसबीला जोडता येणारा फ्लॉपी ड्राइव्ह अशा फ्लॉपीसाठी पुरतो; सव्वापाच इंची फ्लॉपीसाठी मात्र जुना ड्राइव्ह आणि वेगळे जोडणी-साधन लागते, त्यामुळे ते काम जाणकाराकडे सोपवणे बरे. दमट हवेत राहिलेल्या फ्लॉपीच्या चकतीवर बुरशीचे डाग दिसत असतील, तर ती तशीच ड्राइव्हमध्ये घालू नये, कारण चकती आणि ड्राइव्हचे हेड या दोहोंना इजा होते. संगणकाने फ्लॉपी फॉरमॅट करायची का असे विचारले, तर निश्चितपणे नकार द्यावा. सर्व फाइली त्यांच्या तारखांसह दोन ठिकाणी उतरवून घ्याव्यात आणि पुढचे सारे काम प्रतीवरच करावे.

आता काळ ओळखण्याकडे वळू. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूर येथे संगणकावर भारतीय लिप्या वापरण्याचे जिस्ट तंत्रज्ञान विकसित झाले आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने ते देशभर पोहोचवले. जिस्ट कार्ड संगणकात बसवले की डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीवरील प्रोग्रॅममध्ये देवनागरी लिहिता येई. त्यामागे आयस्की ही प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी संकेतप्रणाली होती. भारतीय मानक ब्यूरोने तिला १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून मान्यता दिली. आठ बिटांच्या २५६ जागांपैकी पहिल्या १२८ इंग्रजीसाठी आणि उरलेल्या भारतीय लिप्यांसाठी, अशी तिची विभागणी होती. महत्त्वाचे म्हणजे आयस्कीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जात. ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी आयस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. त्यामुळे डॉसच्या काळातील फाइल अधिक जुनी असूनही तिचे रूपांतर तुलनेने सोपे असते.

अडचण त्यानंतरच्या काळातील फाइलींची आहे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये देवनागरीची सोय नव्हती, आणि छपाईची पाने जुळवणारा पेजमेकर हा प्रोग्रॅम तर गल्लोगल्लीच्या डीटीपी (संगणकीय अक्षरजुळणी) केंद्रांत पोहोचला होता. तेव्हा फाँट तयार करणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सी-डॅकचे सुरेख आणि योगेश यांसारखे फाँट अशा प्रकारचे होते आणि प्रत्येक कुळाची मांडणी निराळी होती. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द प्रत्यक्षात ई, जे, के, मोठा बी आणि एच या पाच रोमन अक्षरांनी साठवलेला असतो. फाँट काढून टाकला की तीच अक्षरे उघडी पडतात. येथे क्रमही उच्चाराचा नसून डोळ्यांना दिसतो तो असतो. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, तर ‘सर्व’मधील रफार शेवटी, व नंतर येतो. ण, श, ष, ख ही अक्षरे अर्धे अक्षर आणि काना अशा दोन तुकड्यांत असतात, त्यामुळे ‘बाण’ शब्दात दोन काने साठवलेले असतात आणि त्यांपैकी दुसरा खरा काना नसतो. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला हे सारे उलगडून पुन्हा जुळवावे लागते.

ओळखण्याची रीत अशी. फाइल वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये उघडून मजकुरावर कर्सर ठेवावा. तो फाँट संगणकात नसला तरी त्याचे नाव फाँटच्या खान्यात दिसते. पेजमेकरच्या नंतरच्या आवृत्त्यांतील फाइली लिबरऑफिस बऱ्याच अंशी उघडू शकते. फाँटचे नाव कोठेच नसेल, फाइल साधा मजकूर किंवा डीबेस या जुन्या माहितीसाठ्याच्या प्रोग्रॅमची असेल आणि इंग्रजी शब्द नीट दिसून केवळ मराठीच्या जागी चिन्हे येत असतील, तर ती आयस्कीची असण्याची शक्यता मोठी. विंडोजमध्ये आयस्की देवनागरीचा कोड पेज (अक्षरसंकेतांच्या तक्त्याचा) क्रमांक ५७००२ आहे. रूपांतराच्या साधनात तो निवडून पाहावा. डॉसमध्ये चौकटी काढण्याची चिन्हे मधल्या जागांवर असल्याने अक्षरे थोडी सरकवलेली पीसी-आयस्की ही मांडणीही वापरात होती, म्हणून एका प्रकाराने मजकूर जुळला नाही तर दुसरा वापरावा.

फाँटवर आधारित फाइल रूपांतरित करण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी: जुना फाँट मिळवून संगणकात बसवावा आणि मूळ फाइलची पीडीएफ काढून ठेवावी. पुढे मुद्रितशोधनासाठी हीच विश्वासाची प्रत ठरते. त्यानंतर त्या फाँटकुळासाठीच बनवलेले साधन निवडावे आणि संपूर्ण पुस्तक त्यात ओतण्याआधी एका उताऱ्यावर पारख करावी. त्या उताऱ्यात ‘महाराष्ट्र’, ‘वर्षांतील’, ‘ज्ञानेश्वर’, ‘हृदय’, ‘किल्ला’, ‘ऑक्टोबर’ असे शब्द यावेत. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ ही जोडी तर मी प्रत्येक वेळी घालतो, कारण हिंदी डोळ्यापुढे ठेवून बनवलेली साधने दोन्हींना एकच करून टाकतात आणि स्वयंपाक्याचा गुरू होतो. ‘आचाऱ्यास’मधील हा आडवा र युनिकोडमध्ये नुक्ता असलेल्या ऱ ला हलंत जोडून लिहितात. मजकुरात मधूनमधून इंग्रजी शब्द असतील, तर ते आधी वेगळे काढावेत, नाहीतर साधन त्यांचेही देवनागरी तुकडे करते.

रूपांतरानंतर केवळ डोळ्यांवर विसंबू नये. ‘अ’पुढे सुटा काना जोडलेला असेल तर काही फाँटमध्ये तो हुबेहूब ‘आ’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो ‘आ’ नसतो आणि शोधात तो शब्द कधीच सापडत नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी ते अ आणि अर्धचंद्र असे दोन भागांत लिहीत, म्हणून संपूर्ण मजकुरात एकच पद्धत ठेवावी. ठिपक्यांचे वर्तुळ दिसले की तेथे मात्रा चुकीच्या जागी आहे असे समजावे. सोपी कसोटी अशी की ‘कि’च्या पुढे कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबली असता आधी वेलांटी गेली आणि क राहिला, तर क्रम बरोबर आहे. एकाच प्रकारची चूक वारंवार आढळली, तर ती शोधा-बदला आज्ञेने दुरुस्त करावी, पण प्रत्येक बदलापूर्वी नवी प्रत जतन करावी.

शेवटी फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, जतन करावी. नोटपॅडमध्ये चुकून एएनएसआय हा देवनागरी न सामावणारा जुना पर्याय निवडला, तर सारी मराठी प्रश्नचिन्हांत बदलते आणि ती परत मिळवता येत नाही. नव्या फाइलीबरोबर मूळ फाइल, जुना फाँट, पीडीएफ आणि कोणते साधन वापरले याची चार ओळींची नोंद एकाच फोल्डरमध्ये ठेवावी, म्हणजे एखाद्या शब्दाविषयी पुढे शंका आली तर मुळाशी ताडून पाहता येईल.