कोकणातून आग्नेय आशियाच्या अभ्यासाकडे: सुरुवात कुठून करावी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयात राज्यशास्त्र, इतिहास किंवा समाजशास्त्र शिकणाऱ्या आणि पुढे आग्नेय आशियाच्या राजकारणाचे व समाजाचे संशोधन हाच व्यवसाय करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने पहिला निर्णय भाषेचा घ्यावा, विद्यापीठाचा नंतर. केवळ इंग्रजीच्या आधारे राजधानीतले मंत्री आणि पत्रकार भेटतील. बंदरावरचा खलाशी बोलणार नाही. इंडोनेशियन भाषा रोमन लिपीत लिहिली जाते आणि तिची क्रियापदे काळानुसार बदलत नाहीत, त्यामुळे पदवीच्या वर्षांतच ती हाती घेता येते. थाई किंवा ब्रह्मी भाषेसाठी स्वतंत्र लिपी आणि सुरांचे उच्चार शिकावे लागत असल्याने बराच अधिक वेळ धरावा. परदेशी विद्यार्थ्यांना इंडोनेशियात राहून भाषा व कला शिकता याव्यात म्हणून तेथील सरकारची ‘दर्मासिस्वा’ शिष्यवृत्ती आहे.

कालांतराने दुसरी भाषाही शिकावी, असे मी आग्रहाने सांगेन. आग्नेय आशियाचे नामवंत अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांना इंडोनेशियाचे हुकूमशहा सुहार्तो यांच्या राजवटीने १९७२ मध्ये देशात प्रवेशबंदी केली आणि ही बंदी ती राजवट १९९८ मध्ये कोसळेपर्यंत टिकली. मधल्या काळात ते थायलंड आणि फिलिपिन्सच्या अभ्यासाकडे वळले, ते तेथील भाषा नव्याने शिकूनच. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारच्या अभ्यासकांपुढेही हीच अडचण उभी आहे.

संशोधनाचा प्रश्न निवडताना मात्र आपल्या किनाऱ्याकडे अवश्य पाहावे. पर्ससीन (मोठ्या जाळ्याने मासळीचा थवा घेरणाऱ्या) आणि एलईडी (प्रखर दिव्यांनी मासळी ओढून घेणाऱ्या) मासेमारीविरुद्ध रापणकरांचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्यांचा, व इतर पारंपरिक मच्छीमारांचा लढा ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला इंडोनेशियाचा १९८० चा निर्णय वेगळ्या नजरेने वाचता येईल. ट्रॉलर (मोठे जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक नौका) आणि लहान मच्छीमार यांच्यातील हिंसक संघर्षानंतर सुहार्तो यांनी त्या वर्षी ट्रॉलरवर बंदी घातली. विरोधकांना न जुमानणाऱ्या राजवटीने लहान मच्छीमारांच्या बाजूचा निर्णय का घेतला, तो कोणत्या बंदरात पाळला गेला आणि कुठे मोडला गेला, हे प्रबंधाला पुरेल असे प्रश्न आहेत, आणि ते विचारण्याची तयारी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरच्या किंवा मालवणच्या मुलाकडे आधीपासूनच असते. इतिहासाची ओढ असणाऱ्यांना ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १९१६ मध्ये रत्नागिरीत मरण पावला, हा धागा जवळचा आहे. त्याच्या नजरकैदेचे कागद मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधावेत.

पदव्युत्तर शिक्षणासाठी दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि तिरुपतीचे श्री वेंकटेश्वर विद्यापीठ यांचा विचार करावा. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास घरावर भार पडत नाही. सिंगापूरमध्ये १९६८ पासून याच प्रदेशाला वाहिलेली संशोधनसंस्था आहे, तिचे ग्रंथालय अभ्यासकाने पाहायलाच हवे. क्षेत्रकार्याला जाण्यापूर्वी त्या देशाचा संशोधन परवाना काढावा. इंडोनेशियात पर्यटक व्हिसावर मुलाखती घेणे नियमबाह्य आहे आणि त्याचा त्रास आपल्याशी बोललेल्या गावकऱ्यांनाही होऊ शकतो, म्हणून परवान्यासाठी लागणारे महिने प्रबंधाच्या वेळापत्रकात आधीच धरावेत.