मोठे बीम कापायला आणि हलवायला शिकताना: जळगाव एमआयडीसीतून नव्या पोरांसाठी

आपल्याकडची पोरं फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कामाला लागली की पहिला प्रश्न एकच असतो, वेल्डिंग कधी शिकवणार. वेल्डिंग येईल रे भो, पण त्याच्या आधी तुम्हाला लावणार माल उतरवायला, घोडीवर (माल ठेवायच्या लोखंडी स्टँडवर) चढवायला, मार्किंग आणि कटिंगला, आणि मी ज्यांची बोटं चेंगरलेली, पाय मोडलेले पाहिलेत ते सगळे याच कामात. मी जळगाव एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागलो, आता फिटर आहे. जिनिंगचे शेड, केळीचं कोल्ड स्टोरेज, केळी पिकवायचे रायपनिंग चेंबर अशीच कामं आमच्याकडं जास्त असतात, म्हणजे बीमशी रोजची गाठ.

सगळ्यात आधी वजन. आयएसएमबी २५० हा बीम (इंग्रजी I च्या आकाराचा, आकडा म्हणजे मिमीतली उंची) मीटरला साधारण ३७ किलो भरतो, ४०० चा साडेएकसष्ट आणि ६०० चा जवळपास १२३ किलो. माल भिलाई-रायपूरकडून येतो तो बहुतेक १२ मीटरच्या आसपासच्या लांबीत, म्हणजे २५० चा एक नग साडेचारशे किलोच्या जवळ, ४०० चा ७४० आणि ६०० चा दीड टनाला थोडासा कमी. हे आकडे पाठ करा. कारण शेडमध्ये कोणीतरी सहज म्हणतं, अर्धाच तुकडा आहे, चला चौघं मिळून सरकवू, आणि २५० चा तो अर्धा तुकडा सव्वादोनशे किलोचा असतो. प्लेटचं पण सोपं आहे, जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, ७.८५ ने गुणा, एका चौरस मीटरचं वजन किलोत मिळालं. १० मिमीची प्लेट म्हणजे चौरस मीटरला साडेअठ्ठ्याहत्तर किलो.

दुसरी गोष्ट, उभा बीम. ४०० चा बीम उभा ठेवला तर उंची ४०० मिमी आणि खाली टेकायला फ्लँज, म्हणजे I ची आडवी पट्टी, फक्त १४० मिमी. शेजारून दुसरा नग नुसता घासला तरी तो पडतो आणि पडताना आवाज देत नाही, सरळ पायावर. यार्डात आडवेच ठेवा, खाली आणि दोन थरांच्या मधे लाकडी ठोकळे, आणि ठोकळे सरकवायचे तर काठीनं किंवा पहारीनं, हात घालायचा नाही. घाईच्या वेळी पण नाही, घाईच्या वेळी तर अजिबातच नाही.

मार्किंग म्हणजे खडूनं रेघ मारणं असं नवीन माणसाला वाटतं, पण कारागिरी इथंच कळते. आयएसएमबीच्या फ्लँजची आतली बाजू सरळ नसते, तिला उतार असतो, वेब (मधली उभी पट्टी) आणि फ्लँजमधला कोन ९० नाही तर ९८ अंश. त्यामुळं गुण्या आतून फ्लँजला टेकवला की रेघ तिरकी गेलीच समजा. गुण्या फ्लँजच्या बाहेरच्या अंगाला लावा, रेघ चारी बाजूंनी फिरवून आणा आणि जिथून सुरू केली तिथंच बरोबर मिळते का बघा, नाही मिळाली तर पुसून परत. सोपस्टोनची (मार्किंगच्या दगडी खडूची) रेघ गॅसच्या उजेडात दिसेनाशी होते म्हणून तिच्यावर पंचानं बारीक ठिपके मारून घ्यायचे. कटमध्ये दोन-तीन मिमी माल जळून जातो तो रेघेच्या टाकाऊ बाजूनं गेला पाहिजे, हे पण आधीच ठरवायचं. आणि बीमवर हीट नंबर (कारखान्यातल्या कुठल्या घाणीचा माल तो नंबर) लिहिलेला असतो तो कापायच्या आधी उरलेल्या तुकड्यावर उतरवून ठेवा, नाहीतर तो तुकडा कुठल्या मालाचा हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

आपल्या भागात अजून एक भानगड आहे ती म्हणजे ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, यार्डातला बीम तर हात लावू देत नाही. लोखंड दर अंशाला मीटरमागं ०.०१२ मिमी वाढतं, म्हणजे बीम टेपपेक्षा २० अंशांनी जास्त तापलेला असेल तर १२ मीटरला जवळजवळ ३ मिमीचा फरक. छोट्या कामात चालून जातं, पण बोल्टची भोकं जुळवायची असतील तर नाही चालत. म्हणून लांब मापं आम्ही सकाळी ऊन चढायच्या आत घेतो, आणि मार्किंग सकाळच्या मालावर करून उरलेलं दुपारी तापलेल्या मालावर असं करत नाही.

आता कटिंग. गॅस कटिंगचा टॉर्च पेटवायच्या आधी, मशीन चालू करायच्या आधी, एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: कट पूर्ण झाला की कुठला तुकडा कुठं जाणार? दोन घोड्या लांब लांब ठेवल्या आणि मधे कापलं तर बीम मधे वाकतो, कटचं तोंड वरून मिटतं आणि चकती किंवा पट्टा त्यात आवळला जातो. तुकडा घोडीच्या बाहेर लोंबकळत ठेवून कापलं तर तोंड उघडतं आणि शेवटचा धागा तुटला की तुकडा खाली. दोन्ही बाजूंना, कटच्या जवळ, सारख्या उंचीवर आधार पाहिजे आणि तुम्ही पडणाऱ्या बाजूला उभं राहायचं नाही. आधार म्हणून तेलाचा रिकामा ड्रम कधीच घेऊ नका, मी बऱ्याच ठिकाणी हे पाहिलंय आणि पाहिलं की काम थांबवतो. झाकण लावलेल्या ड्रममध्ये आत वाफ उरलेली असते आणि वरून ठिणगी पडत असते, पुढचं सांगायला नको. तसंच कोब्यावर गॅस कटिंग करू नका, तापलं की काँक्रीट तडतडून उडतं, ते डोळ्यात जातं. खाली वाळू टाका किंवा प्लेट टाका.

गॅसनं लोखंड वितळवून कापतात असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही, आधी ज्वाळेनं ते लालभडक करायचं, मग ऑक्सिजनचा झोत सोडला की लोखंड त्यात जळतं आणि झोत तो मळ खाली ढकलतो. म्हणूनच स्टेनलेस या पद्धतीनं कापत नाही. कट बरोबर चालला असेल तर कापड फाटल्यासारखा एकसारखा आवाज येतो, ठिणग्या खालून सरळ पडतात. ठिणग्या मागं ओढल्या जायला लागल्या की तुम्ही टॉर्च फार जोरात पळवताय, वर उडायला लागल्या की आरपार जातच नाहीये, थांबा आणि परत तापवा. हात थरथरत असेल तर टॉर्च एकट्या हातावर धरू नका, अँगलचा तुकडा टाका आणि त्याच्या कडेनं चालवा, आमच्याकडं जुने लोक पण तसंच करतात.

सिलिंडरबद्दल थोडक्यात पण नीट ऐका. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल, ग्रीस, तेलकट हातमोजा काहीच लागता कामा नये. गॅसच्या बाजूचे आटे उलटे असतात, नटला खाचा असतात, जबरदस्ती केली की आटे गेले. ॲसिटिलीनचा सिलिंडर आडवा पाडून वापरायचा नाही, आत ॲसिटोन असतं ते बाहेर यायला लागतं. दोन्ही बाजूंना फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्वाळा नळीतून मागं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आहे का ते बघा, नसेल तर मालकाला सांगा, आणि हे सांगायला लाजू नका. सिलिंडर सावलीत, साखळीनं बांधलेले. अंगात सुती कपडे, टेरिकॉट-नायलॉन नाही, खिशात लायटर नाही.

चकतीचं पण तसंच. कट-ऑफ मशीनच्या १४ इंची चकतीवर साधारण ४३०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते, ७ इंचीवर ८५०० आणि ४ इंचीवर १५ हजारांच्या वर. चार इंची ग्राइंडर ११-१२ हजारांनी फिरतो, त्यात गार्ड काढून ७ इंची चकती बसवली तर काय होणार हे या आकड्यांवरूनच कळतं. चकतीच्या मधल्या कडीवर मुदतीची तारीख पण असते ती बघा, ओल लागलेली चकती फेकून द्या.

कापण्यातल्या दोन गोष्टी ज्या मला कोणी लवकर सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. एक, बीमला खाच काढताना आतला कोपरा टोकदार सोडायचा नाही, आधी तिथं ड्रिल मारा आणि कट त्या भोकात आणून थांबवा, टोकदार कोपऱ्यातून तडा सुरू होतो. दोन, बीम लांबीत उभा चिरून टी (T आकाराचे नग) बनवायचे असतील तर सलग चिरू नका. रोलिंगच्या वेळचा ताण आत बसलेला असतो, चिरत गेलं की दोन्ही अर्धे बाहेरच्या बाजूला वाकतात. थोड्या थोड्या अंतरावर दोनेक इंच न कापता सोडायचं, सगळं थंड होऊ द्यायचं, मग ते जोड कापायचे.

उचलण्याचं काम मी ज्यांच्याकडून शिकलो ते आमच्या शेडमधले जुने खलाशी (जड माल उचलणारे कारागीर), आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आप्पा बीमला बेल्ट लावतात, हायड्रावाल्याला (चाकांच्या क्रेनच्या ड्रायव्हरला) हात करून बीम फक्त वीतभर उचलायला लावतात आणि मग थांबतात. हायड्रावाला वरून ओरडतो, आम्ही पण घाईत असतो, आप्पा म्हणणार, "थांब भो, आधी बघू दे कोणीकडं झुकून राहिला." एक टोक झुकलं की बीम परत खाली, बेल्ट सरकवायचा, परत वीतभर. बीम सपाट राहिला की मगच वर. बेल्ट फ्लँजच्या धारेवर बसतो तिथं ते चिरलेल्या पाइपचा तुकडा किंवा गोणपाटाची घडी घालतात, कारण बेल्ट वजनानं तुटायच्या आधी धारेनं कापला जातो. बेल्टच्या रंगावरून ताकद कळते, जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३. पण ही ताकद सरळ उभ्या उचलीची. दोन बाजूंना पसरवून लावले आणि बेल्ट आडव्याशी ३० अंशांवर आले तर १ टनाच्या बीमला प्रत्येक बेल्टवर पूर्ण १ टन येतो, अर्धा नाही. ६० अंशांवर ठेवा, मग ५८० किलोच्या आसपास येतो. टोकाला दोरी बांधून बीम लांबून वळवायचा, हातानं नाही, आणि बीमच्या खालून कोणीही जायचं नाही, मालक असो की साहेब. हायड्रा माल घेऊन चालत असेल तेव्हा बीम जमिनीलगत पाहिजे, आणि वळताना त्याची उचलण्याची ताकद कमी होते हे डोक्यात ठेवून लांब उभं राहायचं.

गाडीत भरताना १२ मीटर म्हणजे ३९ फूट ४ इंच, ४० फुटी ट्रेलरच लागतो. छोट्या गाडीत घालून मागं लाल फडकं बांधायची पद्धत आपल्याकडं सगळ्यांनी पाहिलीय, पण बॉडीच्या बाहेर माल काढून नेला तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजारांचा दंड आहे आणि माल उतरवायचा खर्च वेगळा. दंडापेक्षा मला रात्रीच्या हायवेवर मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याची काळजी वाटते, त्याला ते टोक दिसत नाही. लोखंडावर लोखंड घसरतं, म्हणून ट्रेलरच्या पत्र्यावर आणि प्रत्येक थरात लाकूड, आणि वरचं लाकूड खालच्या लाकडाच्या बरोबर डोक्यावर. बीमची टोकं पुढच्या फळीला टेकलेली पाहिजेत, मधे जागा सोडली तर ब्रेक मारला की सगळा माल केबिनकडं निघतो. साखळ्या आवळल्या तरी थोडं अंतर गेल्यावर माल बसतो आणि त्या ढिल्या होतात, त्यामुळं जळगावहून सावदा-रावेरकडं गाडी निघाली की आम्ही नशिराबादच्या आसपास बाजूला घेऊन परत आवळतो.

नोकरीचं पण सांगतो. आयटीआय जमत असेल तर करा, वेल्डर एक वर्षाचा आहे, फिटर दोन वर्षांचा, आणि भुसावळची रेल्वे, भुसावळ-वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरचं वीज केंद्र इथल्या अप्रेंटिसच्या जागांवर लक्ष ठेवा. खाजगीत लागलात तर पहिल्याच दिवशी ईएसआयसीबद्दल (सरकारी कामगार विम्याबद्दल) विचारा, दहा किंवा जास्त कामगार आणि पगार २१ हजारांपर्यंत असेल तर तो तुमचा हक्क आहे. ड्रॉइंग वाचायला शिका, जेवणाच्या सुट्टीत शिका, कसंही शिका, हेल्परचा फिटर त्यानंच होतो.

साइटवर माल उतरवताना शेताची काळी माती असेल तर आदल्या दिवशी फोन करून पाऊस झाला का विचारा. वरून सुकलेली दिसते आणि हायड्राचं चाक आत जातं, माल हवेत असताना, म्हणून चाकाखाली प्लेटा किंवा लाकडी स्लीपर आधीच नेऊन ठेवा. जो बीम आधी चढणार तो गाडीत सगळ्यात वर पाहिजे, म्हणजे भरताना शेवटी. प्रत्येक नगावर दोन्ही टोकांना नंबर टाका, एकच टोक लिहिलं तर ते हमखास खाली दबतं. आणि ट्रेलर सोडायच्या आधी मालाच्या चलनावर नगाप्रमाणे टिक करून घ्या, क्लीट (जोडायचे छोटे अँगल) आणि बोल्टच्या गोण्या धरून, कारण एक गोणी राहिली तरी रावेरहून माणूस परत जळगावला पाठवावा लागतो आणि हायड्राचं भाडं तोपर्यंत चालूच असतं.