नागपूरच्या उन्हाळ्यात गोष्टी कशा ऐकायच्या, बघायच्या, वाचायच्या

मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसते, पारा ४५ च्या आसपास राहतो, तेव्हा कूलरसमोर बसून गोष्टी हाच खरा आधार. पण कूलरच्या आवाजात ऑडिओ ऐकू येत नाही, म्हणून ऑडिओ मेट्रोसाठी ठेवा. खापरीवरून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाताना एक कथा आरामात होते, फक्त घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करून घ्या आणि स्पीड वाढवू नका, वाचणारा जिथे थांबतो ना तिथेच अर्धी गोष्ट असते.

दुपारी छापील. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुनी पुस्तकं शोधा, त्यात जुने दिवाळी अंक दिसले तर सोडू नका, ही परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन' मासिकापासूनची आहे आणि एकाच अंकात विनोदी, गूढ, ग्रामीण सगळंच मिळतं. मी आधी शेवटची कथा वाचते, का माहीत नाही पण तिथे बरेचदा नवीन लेखक सापडतो. घेण्याआधी पानं उलटून बघा, मधलं एखादं पान निघालेलं असलं की फार जीव जळतो.

स्क्रीन रात्री, घरच्यांसोबत, मोबाईल बाजूला ठेवून.