मेक्सिकन हॉटेल निवडताना: गजबज हवी, गोंगाट नको

शनिवारी संध्याकाळी सहा-सात जणांचे बाहेर जेवायला जायचे ठरते, "आज तांबडा-पांढरा नको" असे कोणीतरी धीर करून म्हणते, दुसरे कोणी मेक्सिकनचे नाव काढते आणि मग प्रत्येक जण आपापल्या मोबाइलवर हॉटेलांचे फोटो पाहू लागतो. ज्या भिंतीवर रुंद काठाची टोपी, निवडुंग आणि रंगीत पताका दिसतात, त्या हॉटेलवर एकमत होते. या पद्धतीत एकच खोट आहे, ती म्हणजे भिंत रंगवणारा आणि चूल सांभाळणारा ही दोन वेगळी माणसे असतात. माझ्या अनुभवात ज्या स्वयंपाकघरात टॉर्टिया (मक्याची किंवा मैद्याची पातळ पोळी) आणि साल्सा (टोमॅटो-मिरचीची चटणी) त्याच दिवशी होतात, तिथल्या टेबलांवरच खरी गजबज असते. गिऱ्हाईक सतत असल्याशिवाय रोजचे ताजे करणे मालकाला परवडत नाही आणि ताजे मिळाल्याशिवाय गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून चैतन्य असलेले ठिकाण शोधायचे असेल, तरी चौकशीची सुरुवात स्वयंपाकघरापासूनच करावी.

कोल्हापुरात मेक्सिकन पदार्थांची गाठ बहुधा राजारामपुरी, ताराबाई पार्क किंवा नागाळा पार्क भागातल्या एखाद्या कॅफेत पडते आणि तीही मेनूकार्डाच्या एका पानावर, पास्ता आणि मांचुरियन यांच्या शेजारी. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, मात्र ते पान नीट वाचावे. त्यावर पंचवीस पदार्थ असतील आणि त्यांपैकी वीस पदार्थांत तेच चीज, तोच राजमा आणि तीच मक्याची दाणेदार उसळ वेगवेगळ्या घड्या घालून दिलेली असेल, तर बाकीचे वर्णन वाचण्याची गरज नाही. पाच-सहाच पदार्थ असतील, पण साल्सा दोन-तीन प्रकारचे असतील आणि टॉर्टिया मक्याची की मैद्याची याचा स्पष्ट उल्लेख असेल, तर ते लिहिणाऱ्याला विषय कळतो असे समजावे.

टॉर्टिया हा या जेवणाचा कणा आहे, त्यामुळे तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. मेक्सिकोत मका कोरडा दळून भाकरी थापत नाहीत. दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच भिजत ठेवतात. हा चुना म्हणजे आपण पानाला लावतो तोच. त्याने दाण्याचे टरफल सुटते, मक्याला एक वेगळाच खरपूस, किंचित मातकट वास येतो आणि वाटलेल्या पिठाला चिकटपणा येतो. या प्रक्रियेला निक्स्टमलायझेशन म्हणतात. आपल्या किराणा दुकानातल्या मक्याच्या पिठाला हा संस्कार झालेला नसतो, म्हणून त्याची पातळ टॉर्टिया लाटायला गेले की ती कडांना चिरते आणि मग सोय म्हणून त्यात मैदा मिसळला जातो. मैद्याची टॉर्टिया ही बनावट वस्तू नव्हे. उत्तर मेक्सिकोत गहू पिकतो आणि तिथे तीही सर्रास खाल्ली जाते. आक्षेप आहे तो मैदा घालून मका म्हणून सांगण्यावर. ओळख सोपी आहे: चुन्यात शिजवलेल्या मक्याची टॉर्टिया गरम असताना नाकाशी धरली की मक्याचा वास आधी येतो, तिच्यावर तव्याचे तपकिरी ठिपके असतात आणि दुमडल्यावर ती मोडत नाही, रबरासारखी ताणतही नाही. तव्यावर तिसऱ्यांदा उलटल्यावर ती फुलक्यासारखी टम्म फुगते. काही ठिकाणी स्वयंपाकघराला काच असते आणि तिच्यातून हे दृश्य दिसते. अशी काच असलेले हॉटेल मी भिंतीवरच्या टोप्यांपेक्षा नेहमी वर धरतो.

दुसरी परीक्षा साल्साची. इथे कोल्हापूरकराला उपजत फायदा आहे, कारण साल्सा हा ठेच्याचाच भाऊबंद आहे. मेक्सिकोतला मोल्काहेते हा तीन पायांचा दगडी खल सच्छिद्र बेसाल्टचा असतो आणि आपला काळा पाटाही बेसाल्टचाच, त्यामुळे टोमॅटो, मिरची आणि लसूण आधी तव्यावर डाग पडेपर्यंत भाजून मग रगडले की येणारी चव आपल्या जिभेला परकी वाटत नाही. मिरची मुळात मेक्सिकोकडची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती भारतात आली आणि आपण तिचा कांदा-लसूण मसाला करून ती स्वतःच्या नावावर लावून घेतली, इतकी की आता मेक्सिकन पदार्थ आपल्याला फिका लागला की आपण त्यालाच नावे ठेवतो. या बाबतीत थोडे सबुरीने घ्यावे. हालापेन्यो मिरची सौम्यच असते. तिखटपणा मोजण्याच्या स्कोव्हिल मापात ती साधारण २,५०० ते ८,००० भरते, तर हाबानेरो एक लाखाच्या पुढे जाते. शिवाय या पदार्थांचा तोल तिखट, आंबट आणि मीठ या तिघांवर असतो. म्हणून "आम्हाला कोल्हापुरी तिखट करून द्या" अशी फर्माईश करू नये. तसे सांगितले की आचारी लाल तिखट भुरभुरतो आणि लिंबाची चव मारली जाते. त्याऐवजी सर्वांत तिखट साल्सा वाटीत वेगळा मागावा आणि आपल्या घासापुरता घ्यावा.

साल्सा बाटलीतला की हातचा, हे ओळखायला पिको दे गायो हा प्रकार उपयोगी पडतो. त्यात टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबू एवढेच असते, म्हणजे जवळजवळ आपली कोशिंबीरच. तिच्यातला टोमॅटो कापून तासाभराहून अधिक वेळ गेला की तळाला पाणी सुटते आणि कोथिंबीर काळवंडते. एखाद्या जैन मित्रासाठी हा प्रकार कांद्याशिवाय मिळेल का, असे विचारून पाहावे. "हो, पाच मिनिटे लागतील" हे उत्तर आले तर तो तिथेच चिरला जातो. "सर, तो मिक्स करूनच येतो" हे उत्तर आले तर तो कुठून येतो ते विचारण्याची तसदीही घेऊ नये. हिरव्या साल्सासाठी लागणारा टोमॅटिलो, म्हणजे टोमॅटोसारखे एक हिरवे आंबट फळ, आपल्या मंडईत सहसा दिसत नाही, त्यामुळे कच्च्या टोमॅटोवर काम भागवलेले असते. तसे मोकळेपणाने सांगणारा वेटर मला प्रामाणिक वाटतो. ग्वाकामोले, म्हणजे ॲव्होकाडोची चटणी, मात्र पेस्टसारखे एकजीव आणि डोळ्यांत भरणाऱ्या हिरव्या रंगाचे असेल तर त्याचे पैसे वाचवावेत. हाताने कुस्करलेल्या ॲव्होकाडोत गाठी राहतात आणि त्याचा रंग हवेने थोड्याच वेळात उतरू लागतो.

आपल्याकडे मेक्सिकन म्हणून जे मिळते त्यातले बरेचसे अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या वळणाचे असते, हेही लक्षात असू द्यावे. टाको म्हणजे सारण भरून दुमडलेली टॉर्टिया. त्याचा कुरकुरीत, यू आकाराचा प्रकार अमेरिकेत रूढ झाला. मेक्सिकोतला टाको बहुधा मऊ असतो. नाचोज, म्हणजे चीज घातलेले मक्याचे कुरकुरीत तुकडे, १९४० च्या दशकात मेक्सिकोच्या पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावी इग्नासिओ अनाया यांनी प्रथम केले आणि इग्नासिओचे लाडके नाव नाचो म्हणून पदार्थाचे नावही तेच पडले. त्यामुळे अस्सल आणि नकली असा वाद घालत जेवण थंड करण्यात अर्थ नाही. जे काही आहे ते नीट केलेले आहे का, एवढेच पाहावे.

आता गजबजीविषयी. मागे घरातल्या एका वाढदिवसाला आम्ही आठ जण एका ठिकाणी गेलो होतो. नाव सांगत नाही. टेबल आधी राखून ठेवले होते, पण ते नेमके स्पीकरच्या खाली होते, हे पोहोचल्यावर कळले. ज्याचा वाढदिवस होता तो टेबलाच्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला, आणि पावणेदोन तासांत आम्हा दोघांत झालेला संवाद म्हणजे त्याने उंचावलेला ग्लास आणि मी हलवलेली मान. नाचोज आले ते सॉसमध्ये भिजून गोळा झालेले, आणि वेटरला दोनदा "राजमा वेगळा" सांगूनही तो वरच ओतलेला होता, कारण त्याला ऐकूच गेले नव्हते. तेव्हापासून मी टेबल राखताना जागेची चौकशी आधी करतो आणि पदार्थांची नंतर.

नेहमीच्या बोलण्याची पातळी साधारण ६० डेसिबल असते. मोबाइलमध्ये आवाज मोजण्याचे फुकट ॲप मिळते, त्यावर जेवणाच्या जागी ८० च्या पुढे आकडा दिसला तर शेजारच्याशी बोलायलाही ओरडावे लागणार हे नक्की. भरलेल्या हॉटेलात माणसांच्या हसण्याबोलण्याने, तव्यांच्या खणखणाटाने जो आवाज होतो तो हवाहवासा असतो, आणि तो नसला की मालक स्पीकरने ती पोकळी भरतो. म्हणून शक्य असेल तर आदल्या आठवड्यात रात्री साडेआठच्या सुमारास त्या हॉटेलवरून एक चक्कर मारावी. किती टेबले भरलेली आहेत, एका टेबलावर किती माणसे आहेत, लोक मधल्या ताटल्यांतून वाटून खात आहेत की आपापल्या मोबाइलमध्ये आहेत, हे दारातून दोन मिनिटांत दिसते. गच्चीवरचे ठिकाण निवडायचे असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिवर्धक लावता येत नाही. गाणे-वाजवणे ऐकायचे असेल तर गच्चीवर साडेसातला बसावे, आणि निवांत गप्पा हव्या असतील तर नऊनंतर जावे. पार्किंगचाही विचार त्याच फेरीत करावा. राजारामपुरीच्या गल्ल्यांत शनिवारी चारचाकी लावायला जागा शोधण्यात पहिला अर्धा तास जातो, आणि नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या गर्दीत देवळाच्या आसपासचे ठिकाण निवडणे हा केवळ अविचार ठरतो.

टेबल राखण्यासाठी फोन करताना चार गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरापेक्षा उत्तर देण्याच्या पद्धतीकडे अधिक लक्ष द्यावे: टॉर्टिया आत भाजतात की पाकिटातून येते, आठ जणांना एकाच टेबलाशी बसता येईल की दोन टेबले जोडावी लागतील, स्पीकर कुठे आहे, आणि शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात. शाकाहारी मंडळी बरोबर असतील तर दोन प्रश्न वाढवावेत. मेक्सिकोत कुस्करलेला राजमा परंपरेने डुकराच्या चरबीत परततात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तेलच वापरतात, तरी विचारलेले बरे. मांस ज्या तव्यावर होते त्याच तव्यावर शाकाहारी केसाडिया (चीज भरून दुमडलेली टॉर्टिया) भाजली जाते का, हाही प्रश्न श्रावणात किंवा संकष्टीच्या दिवशी टेबलावर तंटा होण्याआधीच सोडवावा.

पदार्थ मागवताना सगळे एकदम मागवू नये. टाको हा तव्यावरून उतरल्यावर पाच मिनिटांत संपवायचा पदार्थ आहे, नंतर त्याच्या बुडाशी रस उतरून तो फाटतो, म्हणून माणशी एक याप्रमाणे पहिली फेरी मागवावी, ती संपली की दुसरी. फहिता, म्हणजे परतलेले मांस किंवा भाज्या आणि सोबत टॉर्टिया, मंडळींसाठी उत्तम, कारण लोखंडी तापलेल्या पात्रावर ती चरचरत आली की शेजारच्या टेबलांवरच्या मानाही वळतात आणि प्रत्येकाला आपापली टॉर्टिया भरून घेता येते. बरिटो, म्हणजे सारण भरून गुंडाळलेली मोठी टॉर्टिया, मात्र एकट्याने जेवणाऱ्याचे अन्न आहे. हातात बरिटो असलेला माणूस पंधरा मिनिटे कोणाशी बोलत नाही. नाचोजचा ढीग मागवायचाच असेल तर चीज आणि साल्सा बाजूला द्यायला सांगावे.

पेयांत लिंबू किंवा कलिंगडाचे आग्वा फ्रेस्का, म्हणजे फळाचे पातळ सरबत, बरे असते. "हिबिस्कस" या नावाने येणारे लाल सरबत म्हणजे जास्वंदीचे नव्हे, लाल अंबाडीच्या बोंडांचे. तांदळाच्या पाण्यात दालचिनी घालून केलेले ओर्चाता मिळाले तर लहान मुलांना आवडते. टकिला घेणाऱ्यांनी बाटलीवर "१०० टक्के अगावे" (टकिला ज्या वनस्पतीपासून करतात ती) लिहिले आहे का ते पाहावे. तसे नसेल तर त्यात निम्म्याच्या जवळपास इतर साखरेचा अंश असू शकतो. महाराष्ट्रात अशा कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, आणि परतीला गाडी कोण चालवणार हे पहिला ग्लास येण्यापूर्वी ठरवावे. बिलात सेवा शुल्क लावलेले दिसले तर ते देणे ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तसे स्पष्ट म्हटले आहे, त्यामुळे ते काढायला सांगण्यात संकोच बाळगू नये. वेटरने मन लावून वाढले असेल तर टीप मात्र त्याच्या हातात द्यावी.

शेवटी गोडाचा प्रश्न उरतो. चुरोज हे चकलीच्या सोऱ्यासारख्या साच्यातून गरम तेलात सोडून तळतात आणि साखर-दालचिनीत घोळवतात. ते मागवण्याआधी वेटरला "आत्ता तळणार का?" एवढेच विचारावे. तो आत जाऊन विचारून आला आणि दहा मिनिटे लागतील म्हणाला, तर खुशाल थांबावे. तळून ठेवलेले गरम करून देतो म्हणाला, तर बिल मागवून गंगावेशीत जावे आणि म्हशीचे ताजे धारोष्ण दूध प्यावे.